भोर ते भोर, चार घाटांमधून

पुण्याच्या सायकलवाल्यांना महाबळेश्वर म्हटलं की एकच रस्ता आठवतो: कात्रज, खेड शिवापूर, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी, पाचगणी. म्हणजे निम्म्याहून जास्त अंतर सातारा महामार्गावर, कानाशी ट्रकचे हॉर्न आणि नाकाशी त्यांचा धूर. तो रस्ता मी यापुढे कुणालाही सुचवणार नाही. पायांत दम असेल आणि जोडून दोन सुट्ट्या मिळत असतील, तर भोरला सुरू होऊन भोरलाच संपणारी एक गोल वाट आहे. भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणीचा उतार, वाई, मांढरदेवी आणि परत भोर. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि एकूण चढाई ढोबळमानाने तीन हजार मीटर. रोड बाइकवर करता येतील अशा आपल्याकडच्या गोल वाटांमध्ये हिच्या तोडीची दुसरी मी तरी पाहिलेली नाही. तरीही पाचपैकी पाच तारे देणार नाही. साडेचार. अर्धा का कापला ते मांढरदेवीला पोचल्यावर सांगते.

सांगणारी कोण हे आधी कळलेलं बरं, कारण सायकलची परीक्षणं बहुधा पंचविशीतले, साठ किलोचे पोरगे लिहितात आणि 'थोडा चढ आहे' असं म्हणून मोकळे होतात. मी पन्नाशीला टेकलेली बाई. धनकवडीत औषधांचं दुकान चालवते. माझी सायकल पोलादी फ्रेमची, रिम ब्रेकची (चाकाच्या कडेला दाबणाऱ्या), पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं, म्हणजे कॉम्पॅक्ट क्रँक, मागे ११ ते ३४ दातांच्या चक्रांची कॅसेट, टायर २८ मिलिमीटर रुंदीचे. आमच्या कंपूत दोन आयटीतली मुलं, एक शाळेतल्या बाई आणि एक तात्या. तात्या एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी याच घाटांमध्ये लाल गाडी वर-खाली केली आहे. त्यामुळे या वाटेबद्दल माझ्यापेक्षा त्यांचं मत जास्त वजनाचं धरा. त्यांचं मत एका वाक्याचं आहे: "ताई, घाट कितीही अवघड असू दे, तो कुणासाठी बांधलाय ते बघायचं." याचा अर्थ मला वाईच्या पुढे कळला.

ही वाट नकाशावर बघण्यापेक्षा नद्यांवरून बघितली तर चटकन डोक्यात बसते. भोरला तुम्ही नीरेच्या खोऱ्यात असता. वरंधा उतरलात की सावित्रीच्या खोऱ्यात. आंबेनळीच्या माथ्यावर सावित्रीची हद्द संपते आणि कोयनेची सुरू होते. महाबळेश्वरला वेण्णा, पसरणी उतरून वाईत कृष्णा, आणि मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की पुन्हा नीरा. यांतली एकटी सावित्री पश्चिमेला समुद्राला मिळते, बाकी सगळ्यांचं पाणी फिरून फिरून कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातं. चढ संपला की समजायचं, पाणलोट बदलला. पुढचा चढ किती दूर आहे आणि मधे उतार किती मिळणार हे एवढ्यावरून बरोबर सांगता येतं. मी तर हल्ली सायकल कॉम्प्युटरवरच्या रंगीत चढ-आलेखापेक्षा यावरच जास्त भरवसा ठेवते.

गाडी भोरला लावावी. पुण्याहूनच पेडल मारत यायचं म्हटलं तर जाऊन-येऊन आणखी शंभर किलोमीटर वाढतात, तेही बहुतेक महामार्गाचे, आणि त्यातून मिळत काहीच नाही. भोर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीला. त्यामुळे नवख्यांना वाटतं की भोरहून निघालं की कोकणापर्यंत घसरगुंडीच. तसं मुळीच नाही. नीरा देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं आणि रस्ता त्याच्या काठाने वर-खाली, वर-खाली करत राहतो. हे छोटे चढ कुणी मोजत नाही. घाट म्हणून त्यांना नाव नाही, फलक नाही, सायकलवाल्यांच्या गप्पांमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. पण हिर्डोशीपर्यंत पोचता पोचता ते पायातला ताजेपणा गुपचूप काढून घेतात. इथे जोर लावायचा नाही. बोलत बोलत जाता आलं पाहिजे, बोलणं तुटलं तर गिअर हलका करायचा.

रस्त्याच्या पृष्ठभागाबद्दल एकच शेरा देता येत नाही. गेली काही वर्षं इथे रुंदीकरणाचं काम चालू आहे. एक वळण नव्याकोऱ्या काँक्रीटचं, पुढचं खडीचं, त्यापुढचं जुन्या डांबराचं, आणि त्या डांबराला मधोमध पावसाने पाडलेली चर. २३ किंवा २५ चे टायर लावून येणाऱ्यांनी जादा ट्यूब आणाव्यात. एक नाही, दोन. वरंध्यात पंक्चर काढून देणारं कुणी भेटत नाही आणि फोनला रेंजही बराच काळ नसते.

वरंध्याचा माथा ओलांडला की वाघजाईचं देऊळ लागतं. या वाटेवरचा सगळ्यात चांगला थांबा हाच. देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत, समोर दरी, आणि त्या दरीत शिवथरघळ. समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात तीच जागा. बाजूला कावळ्या किल्ला आहे. घाटरस्ता त्याला मधोमध कापून गेला आहे. बहुतेक जण किल्ल्यातच बसून भजी खातात आणि किल्ला कुठे आहे म्हणून विचारतात. कांदाभजी गरम असतात, चहा गोड असतो, दोन्हींची तक्रार नाही. तक्रार माकडांची. आमच्या शाळेतल्या बाईंनी सायकलच्या हँडलला केळ्यांची पिशवी अडकवून ठेवली, तर टपरीवाल्या मावशी आतूनच ओरडल्या, "ओ ताई, पिशवी आत घ्या आधी, त्यांनी मघाशीच बघून ठेवलीय." बाई वळेपर्यंत निम्मी केळी कठड्यावर पोचली होती. मावशी म्हणाल्या, "आज कमीच हैत. रविवारी या म्हंजे कळंल."

वाघजाईपासून खाली माझेरीपर्यंतचा उतार हा वाटेवरचा पहिला खरा धोका. सुंदर आहे, म्हणूनच धोका. दरी उघडी, वळणं आंधळी, आणि काही ठिकाणी कठड्याच्या जागी नुसते रंगवलेले दगड. तात्यांचा एसटीतला नियम असा होता की ज्या गिअरात गाडी चढवायची त्याच गिअरात उतरवायची, ब्रेकवर विसंबायचं नाही. सायकलला हे लागू पडत नाही, कारण इंजिनाचा आवर आपल्याकडे नसतो. पण त्यामागचं तत्त्व पडतं. ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. वळणाआधी जोरात दाबायचे, वेग खाली आणायचा, सोडून द्यायचे, रिम थोडी निवू द्यायची. सतत अर्धवट दाबून उतरलं तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेकवाल्यांची यातून बरीच सुटका आहे. या वाटेसाठी सायकल नवी घेणार असाल तर डिस्कच घ्या, एवढं मी रिमवाली असूनही सांगते. दुसरं म्हणजे प्रत्येक आंधळ्या वळणावर तोंडाने ओरडायचं. मुलांना लाज वाटते. तात्या मात्र "होऽऽ" अशी आरोळी ठोकतात की समोरून येणारी जीपसुद्धा कडेला होते.

खाली आलं की हवा बदलते. घाटाच्या माथ्यावर जॅकेट लागतं आणि वरंध गावात पोचेपर्यंत ते पाठीला चिकटलेलं असतं. पुढे बिरवाडी. इथे महाडची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत, आणि वाऱ्याची दिशा चुकीची असेल तर ते डोळे मिटूनही कळतं. टँकरही बरेच. हे आठ-दहा किलोमीटर खाली मान घालून काढावेत. महाडात मात्र चवदार तळ्यापाशी थांबावं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथे ओंजळभर पाणी घेतलं. घामाने निथळत, रिकामी बाटली हातात घेऊन त्या काठावर उभं राहिलं की पाण्यासाठी माणसाला काय काय करावं लागलं हे पुस्तकात वाचण्यापेक्षा वेगळं पोचतं. आम्ही तिथे फोटोबिटो काढत नाही.

महाड ते पोलादपूर मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरी, सिमेंटचा, उकाड्याचा. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मुक्काम पोलादपूरला करावा असं माझं ठाम मत आहे. महाडला लॉज जास्त आणि जरा बरे, हे खरं. पण महाडला राहिलात तर दुसऱ्या दिवशी अंधारात महामार्गाचे पंधरा-वीस किलोमीटर पदरात पडतात आणि आंबेनळीचा पायथा गाठेपर्यंत ऊन येतं. पोलादपुरात हायवेलगत साध्या खोल्या मिळतात. पंखा असतो, डास असतात, सायकल खोलीत घेऊ देतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती आधी फोन करून विचारून घ्या. आम्ही एकदा जिथे उतरलो तिथला मुलगा सायकली बाहेर ठेवा म्हणून अडून बसला होता. तात्यांनी त्याला विचारलं, "बाळा, तुझी मोटारसायकल कुठं असते रात्री?" तो म्हणाला, "घरात." सायकली आत आल्या.

आता आंबेनळी. या सगळ्या वाटेचा जीव इथे आहे.

पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर. पोलादपूर पन्नास-साठ मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. भागाकार केला तर सरासरी चढ तीन-सव्वातीन टक्के येतो आणि शहरातली माणसं हसतात. हा आकडा फसवा आहे, कारण सुरुवातीचे कापड्यापर्यंतचे किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत आणि वर कुंभरोशीच्या आसपास रस्ता थोडा विसावतो. मधला चढ पाच-सहा टक्क्यांनी, न थांबता, तासन् तास चालतो. त्यात भिंतीसारखं काही नाही. दम लागत नाही, लय लागते. जुन्या नोंदींत याला फिट्झगेराल्ड घाट म्हणतात, १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या फिट्झगेराल्डच्या नावावरून. बैलगाडी आणि घोड्याच्या टांग्याचा तो काळ. बैल चढवायचा तर चढ एकसारखा ठेवावा लागतो, नाहीतर बैल बसतो. त्या हिशेबाने आखलेल्या रस्त्यावर पन्नाशीची बाईही न बसता वर जाते.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यावर सगळं अवलंबून आहे. आंबेनळी सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर आहे. सूर्य डोंगरापलीकडून उगवतो, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी बराच वेळ हा चढ सावलीत असतो. पहाटे पाचला, पुढे-मागे दिवे लावून पोलादपूर सोडलं तर पहिले सपाट किलोमीटर अंधारात निघून जातात, उजाडताना चढ सुरू होतो आणि ऊन अंगावर येईपर्यंत निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं. हीच वाट उलट्या दिशेने करणारे लोक आहेत. म्हणजे पहिल्या दिवशी आंबेनळी उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी वरंधा चढायचा. त्यांना वरंध्याचा तुटका रस्ता चढताना मिळतो, हा एक फायदा मी मान्य करते. पण आंबेनळीसारखा चढ ब्रेक दाबत वाया घालवायचा, हे मला पटत नाही.

जंगल दाट आहे. पहाटे शेकरूचा आवाज येतो, क्वचित ते दिसतंही. रस्त्यावर गाड्या अगदी तुरळक, कोकणातून वर जाणारी एखादी एसटी, एखादा भाजीचा टेम्पो. तात्या प्रत्येक एसटीला हात करतात आणि चालक प्रत्येक वेळी हॉर्न देतो, ओळख असो-नसो. पाण्याची सोय मात्र कमी. पायथ्यापासून प्रतापगड फाट्यापर्यंत मधल्या गावांतल्या टपऱ्या सकाळी लवकर उघडत नाहीत, म्हणून दोन मोठ्या बाटल्या भरूनच निघायचं. एकीत साधं पाणी, एकीत ओआरएस. दुकानदार म्हणून आगाऊपणा करते: पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घाला. चवीला बरं लागतं म्हणून अर्धी पुडी, किंवा ताकद येते म्हणून एका बाटलीत दोन पुड्या, हे दोन्ही प्रकार मी काउंटरवर रोज ऐकते आणि दोन्ही चूक आहेत.

प्रतापगड फाट्याला पोचलात की समजा पाणलोट ओलांडला. इथून जावळीचं खोरं पसरलेलं दिसतं आणि शिवाजी महाराजांनी १६५९ साली अफजलखानाला याच मुलखात का बोलावलं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. सायकलवर, बिनओझ्याचं, डांबरी रस्त्याने येऊनही आपली ही अवस्था. तोफा, हत्ती आणि तंबू घेऊन येणाऱ्यांचं काय झालं असेल! कुंभरोशीत मिसळ, पोहे, ऑम्लेट-पाव मिळतो. इथे पोटभर खावं. गडावर सायकल नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. तो वेगळ्या दिवसाचा चढ आहे.

कुंभरोशी ते महाबळेश्वर हा शेवटचा टप्पा पुन्हा झाडीतून. सावली अशी की डिसेंबरात बोटं आखडतात. माझ्या मते हे चाळीस किलोमीटर एकट्याने पाच तारे मिळवतात, बाकी वाट कशीही असो.

महाबळेश्वरात शिरलं की मात्र मूड जातो. शनिवार-रविवारी वेण्णा लेकपासून पाचगणीपर्यंत मोटारींची रांग, रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी घेण्यासाठी अचानक थांबणाऱ्या गाड्या, घोडे, आणि चालत्या गाडीतून दार उघडणारे पर्यटक. एका प्रसिद्ध बागेपाशी तर सायकल हातात धरून चालावं लागलं. स्ट्रॉबेरी खावी, पण मेटगुताडच्या अलीकडे-पलीकडे एखाद्या शेताच्या कडेला जी बाई टोपली घेऊन बसलेली असते तिच्याकडून. क्रीमचा पेला नको. पुढे मांढरदेवी आहे आणि पोटात क्रीम घेऊन तो चढ चढणं शक्य नाही.

पसरणी घाट उतरायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत नाही. पाचगणी ते वाई बारा-तेरा किलोमीटर, वळणं मोठी आणि उघडी, रस्ता चांगला, डावीकडे खाली धोम धरणाचं पाणी. वरंध्यात उतरायला भीती वाटते, इथे मजा येते. फक्त वर चढणाऱ्या पर्यटक गाड्या वळणावर आपली बाजू सोडून येतात, हे धरून चालायचं. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. आमच्या तात्यांना त्यांचं सगळं पाठ आहे आणि उतारावर ते मोठ्याने म्हणतात. त्यामुळे इथे वेगळी आरोळी लागत नाही.

वाईत जेवायचं. ढोल्या गणपतीच्या घाटावर सावलीत पंधरा मिनिटं पाय पाण्यात सोडून बसायचं. इथे बऱ्याच जणांना वाटतं की आता झालंच, तीन घाट पायाखाली, भोर काय ते चाळीस किलोमीटर. हाच तो क्षण ज्यासाठी मी अर्धा तारा कापला.

वाई ते मांढरदेवी साधारण वीस किलोमीटर. वाई सातशे मीटरच्या आसपास, काळूबाईचं देऊळ चौदाशेच्या. हा डोंगर वाईच्या उत्तरेला आहे, म्हणजे चढायची बाजू दक्षिणेकडची. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या उतारावर सबंध दुपार ऊन ओतत असतं. झाडं थोडी, खडक जास्त. आणि चढ सरळसोट. आंबेनळीवर पाच-सहा टक्क्यांवर स्थिर राहणारा माझ्या कॉम्प्युटरवरचा आकडा इथे वळणावळणाला दोन अंकी होतो, मग सातवर येतो, मग पुन्हा वर. लय म्हणून काही लागतच नाही. पुढे ३४, मागे ३४ अशा सगळ्यात हलक्या गिअरवरही उभं राहून पेडल मारावं लागतं. आयटीतल्या एका मुलाने, ज्याने आंबेनळी गप्पा मारत चढला होता, इथे सायकल कठड्याला टेकवली आणि विचारलं, "तात्या, हा रस्ता केला कुणी?" तात्या म्हणाले, "देवीला जाणाऱ्यांनी. जीपमध्ये बसून जातात रे ते. बैलाला कोण विचारतंय इथं!"

तर तात्यांच्या त्या वाक्याचा अर्थ हा. वाटेवरचे जुने घाट जनावराच्या ताकदीचा हिशेब धरून काढले, मांढरदेवीचा चढ इंजिनाच्या ताकदीवर भिस्त ठेवून गेला. सायकलवाल्याचे पाय बैलाच्या जातकुळीतले. म्हणून एकूण उंची आंबेनळीच्या निम्म्याच्या आसपासच असताना इथे त्याच्या दुप्पट दमायला होतं. वाट म्हणून मी याला नावं ठेवत नाही. पण सगळ्यात तिखट चढ शेवटी, सगळ्यात वाईट उन्हात आणि जेवणानंतर येतो, ही या गोल वाटेच्या आखणीतली खोट आहे आणि त्यावर उपाय नाही. तोड एवढीच की वाईत हलकं खायचं आणि साडेतीननंतर निघायचं. ऊन उतरतं, पण मग भोरला पोचायला अंधार होतो. दिवे चार्ज केलेले हवेत. दोन्हींपैकी काय सोसायचं ते आपापलं ठरवा, मी अंधार निवडते.

पौष पौर्णिमेच्या आसपास इकडे अजिबात फिरकू नका. काळूबाईची यात्रा असते, लाखोंनी माणसं येतात. २००५ च्या जानेवारीत इथे चेंगराचेंगरी होऊन फार मोठी जीवितहानी झाली होती. त्या दिवसांत हा रस्ता भाविकांचा, आपला नाही. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारीही गर्दी असते, तेव्हा वळणावर जीपगाड्यांना आधी वाट द्यायची.

माथ्यावरून आंबाड्याकडे उतरणारा रस्ता अरुंद आणि तीव्र. हात दुखतात ते इथे, कारण दिवसभराचे उतार बोटांत साठलेले असतात. पायथ्याला आलं की भोरपर्यंतचा शेवटचा तुकडा सरळ. संध्याकाळी भातखाचरांवरून गार वारा येतो. भोरच्या स्टँडजवळ कुठेही बसा, इंद्रायणी तांदळाचा भात आणि पिठलं मागा. मिळाला आंबेमोहोर तर नशीब.

काळ दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्चमध्ये कोकणातली दुपार सोसत नाही. पावसाळ्यात ही वाट कितीही हिरवीगार दिसली तरी करू नये. वरंधा घाट पावसाळ्यात जिल्हा प्रशासन वेळोवेळी बंद ठेवतं आणि ते योग्यच आहे. २०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत आंबेनळी जागोजागी खचला होता, दरडींनी महाड-पोलादपूरच्या गावांत माणसं गेली. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली, तीस माणसं गेली. तात्या त्या जागेजवळून जाताना गाणं थांबवतात. पाऊस संपल्यावरही लगेच निघू नका, आधी कुठे दरड आहे, कुठे रस्ता खोदलाय याची चौकशी करा. सगळ्यात खात्रीची बातमी भोर किंवा महाड आगारातल्या चालक-वाहकांकडे मिळते. तात्यांमुळे आम्हाला ती फोनवर मिळते. तुम्ही स्टँडवर जाऊन चहा पाजलात तर तुम्हालाही मिळेल.

दोनशेची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची दोनशे किलोमीटरची सायकलफेरी, साडेतेरा तासांत करणारे ही वाट एका दिवसात काढतात, मला माहीत आहे. त्यांना माझा नमस्कार. पण मग वरंध्याची भजी, चवदार तळं, कुंभरोशीची मिसळ, वाईचा घाट, सगळं घड्याळाकडे बघत सोडावं लागतं. वर्षभर शनिवार-रविवार शंभर-शंभर किलोमीटर चालवणाऱ्यांना दोन दिवसांत ही वाट जमते. फक्त सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्यांनी आधी पसरणी खालून वर चढून बघावा, तो विनात्रास गेला तर मग भोरचं बघावं. ५२-३६ ची क्रँक आणि ११-२५ कॅसेट, म्हणजे जड गिअर लावलेली रेसिंग सायकल असेल तर मांढरदेवीला चालत जाण्याची तयारी ठेवा. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट घालून डांबरावर चालणं काय असतं ते तिथे कळेल.

आणि ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी गोल वाटेचा हट्ट सोडावा. गाडी पोलादपूरला लावा, पहाटे आंबेनळी चढा, महाबळेश्वरच्या बाजारात शिरण्याआधीच चहा घेऊन मागे वळा आणि त्याच रस्त्याने खाली या. ऐंशी किलोमीटर होतात, मांढरदेवी टळते आणि पाच तारे पूर्ण मिळतात. उतरायला मात्र दहाच्या आत सुरुवात करा, त्यानंतर कोकणातून वर येणाऱ्या मोटारी वाढतात.